यकृतातील एक विकर आणि रोजची एक गोळी

आपल्या रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात जमाखर्च, ताळेबंद आणि विविध विभागांचे कार्यवृत्त यांच्या जोडीला आरोग्यविषयक एक लेख असावा, असा प्रघात आहे. यंदाच्या लेखासाठी कोलेस्टेरॉल हा विषय निवडला आहे. ठाणे, डोंबिवली आणि कल्याण येथील अनेक घरांत रक्ततपासणीच्या अहवालांची एक फाईल असते आणि तीत 'लिपिड प्रोफाइल' या नावाचा एक कागद असतो. औषधांच्या डब्यात अ‍ॅटोरव्हास्टॅटिन किंवा रोसुव्हास्टॅटिन या नावाची गोळीही असते. ही गोळी शरीरात नेमके काय करते हे ठाऊक नसल्यामुळे ती केव्हा घ्यावी, किती दिवस घ्यावी आणि कोणाच्या सांगण्यावरून थांबवावी, याविषयी पुष्कळ गैरसमज आढळतात. या गैरसमजांची किंमत कधी कधी अतिदक्षता विभागात मोजावी लागते.

प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे, वैद्यकशास्त्राचा नव्हे. तथापि हा विषय मुळात उत्पादन, आयात, साठा आणि खरेदी यांचा आहे. त्यामुळे तो हिशेबाच्या भाषेत मांडणे शक्य आहे, आणि तसाच तो येथे मांडला आहे.

शाकाहारी माणसाच्या रक्तात कोलेस्टेरॉल कोठून येते?

"आम्ही अंडेसुद्धा खात नाही, मग आमचे कोलेस्टेरॉल वाढलेच कसे?" हा प्रश्न आरोग्य शिबिरांत हमखास विचारला जातो. प्रश्न रास्त आहे. धान्ये, डाळी, भाज्या, फळे आणि शेंगदाण्याचे तेल यांत कोलेस्टेरॉल जवळजवळ नसतेच. ते प्राणिज पदार्थांत, म्हणजे मांस, अंडी, दूध, लोणी, तूप यांत असते. परंतु आपल्या शरीरातील कोलेस्टेरॉलचा मोठा हिस्सा ताटातून येत नाही. साधारणपणे तीन चतुर्थांश कोलेस्टेरॉल शरीर स्वतः तयार करते. आयात थोडी आणि घरचे उत्पादन अधिक, असा हा व्यवहार आहे, आणि या उत्पादनाचे प्रमुख केंद्र यकृत हे होय.

शरीर हे उत्पादन उगाच करीत नाही. प्रत्येक पेशीच्या आवरणाला कोलेस्टेरॉल लागते. पित्तातील आम्ले, स्त्री-पुरुषांची संप्रेरके आणि कॉर्टिसोल ही सर्व त्यापासूनच घडतात. त्वचेत सूर्यप्रकाशाने तयार होणारे ड जीवनसत्त्व याच उत्पादनमार्गावरील एका टप्प्यातून निघते. तेव्हा कोलेस्टेरॉल हा शत्रू नव्हे. रक्तातील त्याचा साठा गरजेपेक्षा अधिक झाला आणि अनेक वर्षे तसाच राहिला, की तो रोहिणींच्या भिंतीत साचू लागतो. नुकसान त्यातून होते.

हा साठा किती जणांकडे अधिक आहे? भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या 'इंडियाब' या सर्वेक्षणाचे देशव्यापी निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. एक लाख तेरा हजारांहून अधिक प्रौढ व्यक्तींच्या या पाहणीत सुमारे २४ टक्के व्यक्तींचे एकूण कोलेस्टेरॉल वाढलेले आढळले, तर रक्तातील मेदांचा कोणत्या ना कोणत्या प्रकारचा बिघाड सुमारे ८१ टक्क्यांत दिसून आला.

सत्तावीस कार्बनांचा हिशेब

कोलेस्टेरॉलच्या एका रेणूत कार्बनचे २७ अणू असतात. ते सर्वच्या सर्व एका अगदी लहान कच्च्या मालापासून येतात. त्याचे नाव अ‍ॅसिटिल को-एन्झाइम ए. भात असो, पोळी असो, साखर असो वा तेल असो, अन्नाचे पचन होऊन ऊर्जा निर्माण होताना हा पदार्थ तयार होतोच. म्हणूनच शाकाहारी माणसाच्या कारखान्याला कच्च्या मालाची टंचाई कधी भासत नाही.

या मालाच्या प्रत्येक एककात दोन कार्बन असतात. अशी तीन एकके जोडली की सहा कार्बनांचा एक पदार्थ होतो, त्याला संक्षेपाने एचएमजी-कोए म्हणतात. त्याचे रूपांतर मेव्हॅलोनेट नावाच्या पदार्थात होते. मेव्हॅलोनेटमधून एक कार्बन वजा होऊन पाच कार्बनांची एक वीट तयार होते. हीच आयसोप्रीन वीट होय. तीन विटा मिळून १५ कार्बन, अशा दोन जोडण्या मिळून ३० कार्बनांचे स्क्वालीन, आणि त्यातून पुढे अनेक पायऱ्यांनंतर तीन कार्बन कमी होऊन २७ कार्बनांचे कोलेस्टेरॉल, असा हा हिशेब पैन् पै जुळतो. हा मार्ग उलगडण्यात मोठा वाटा असलेल्या कॉनराड ब्लॉख आणि फिओडोर लिनेन या शास्त्रज्ञांना १९६४ साली नोबेल पारितोषिक देण्यात आले.

पाच कार्बनांच्या या विटांपासून घडणाऱ्या पदार्थांना आयसोप्रिनॉइड म्हणतात. त्यांचे कुटुंब फार मोठे आहे. गाजराचा रंग, कापूर, पुदिन्यातील मेंथॉल, हळदीचा वास आणि रबराचा चीक हे सर्व त्याच कुटुंबातील. आपल्या हापूस आंब्याच्या सुगंधातही हेच पदार्थ आहेत. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील संशोधकांनी आंब्याच्या फळात या विटा जोडणाऱ्या तीन विकरांचा अभ्यास करून तो २०१३ साली प्रसिद्ध केला. आंब्याच्या देठाशी चालणारे काम आणि आपल्या यकृतात चालणारे काम यांत असे दूरचे नाते आहे.

वेग ठरविणारा टप्पा

विकर, म्हणजेच एन्झाइम, हे शरीरातील कारागीर होत. प्रत्येक रासायनिक पायरीवर एक कारागीर बसलेला असतो. कोलेस्टेरॉलच्या उत्पादनमार्गावर असे अनेक कारागीर आहेत, परंतु सर्वांचे महत्त्व सारखे नाही. एचएमजी-कोएचे मेव्हॅलोनेट करणारा जो कारागीर आहे, त्याच्या हाताच्या वेगावर संपूर्ण कारखान्याचा वेग ठरतो. त्याचे नाव एचएमजी-कोए रिडक्टेज. मानवी शरीरात तो ८८८ अमिनो आम्लांच्या साखळीने बनलेला असून पेशीतील अंतर्द्रव्यजालिकेच्या पटलात रुतून बसलेला असतो.

शरीर या विकरावर सतत लक्ष ठेवते. पेशीत कोलेस्टेरॉल पुरेसे असेल तर या विकराची संख्या कमी केली जाते, आणि तुटवडा भासला तर ती वाढविली जाते. उत्तम व्यवस्थापक जसा गोदामातील शिल्लक पाहून उत्पादनाचा आदेश काढतो, तसेच हे आहे. मग बिघाड होतो कोठे? तो प्रामुख्याने रक्तातील कोलेस्टेरॉल उचलून घेण्याच्या व्यवस्थेत होतो.

कोलेस्टेरॉल रक्तात एकटे फिरत नाही. ते एलडीएल नावाच्या कणांत भरून वाहिले जाते. यकृताच्या पेशींवर हे कण ओढून घेणारी ग्राहके असतात. मायकेल ब्राऊन आणि जोसेफ गोल्डस्टीन या अमेरिकी वैद्यांनी १९७० च्या दशकात या ग्राहकांचा शोध लावला. काही कुटुंबांत ही ग्राहके जन्मतःच अपुरी असतात, त्यामुळे तरुण वयातच हृदयविकार होतो, हे त्यांनी दाखवून दिले. त्यासाठी त्यांना १९८५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. वडिलांना किंवा भावाला ऐन तारुण्यात वा चाळिशीत हृदयविकाराचा झटका आला असेल, तर घरातील इतरांनी, मुलांनीसुद्धा, तपासणी करून घ्यावी असे डॉक्टर सांगतात, त्याचे कारण हे आहे.

बुरशीतून आलेले औषध

या विकराला अडविणारा पदार्थ शोधण्याचे श्रेय अकिरा एन्डो या जपानी शास्त्रज्ञाला जाते. जपानमधील सांक्यो या औषध कंपनीत काम करीत असताना १९७१ पासून त्यांनी बुरशीच्या सुमारे सहा हजार प्रकारांची तपासणी केली. त्यांचा तर्क असा होता, की इतर सूक्ष्म जीवांचा प्रतिकार करण्यासाठी एखादी बुरशी मेव्हॅलोनेटचा मार्ग रोखणारा पदार्थ निर्माण करीत असेल. १९७३ साली त्यांना तांदळावर वाढणाऱ्या एका पेनिसिलियम जातीच्या बुरशीत तसा पदार्थ सापडला. तो पुढे कॉम्पॅक्टिन या नावाने ओळखला गेला. कॉम्पॅक्टिन स्वतः बाजारात आले नाही, परंतु त्याच्याच जातकुळीतील लोव्हास्टॅटिन या औषधाला १९८७ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. एन्डो यांचे २०२४ साली वयाच्या नव्वदाव्या वर्षी निधन झाले.

या गटातील औषधांना स्टॅटिन म्हणतात. त्यांच्या रेणूचा एक भाग एचएमजीसारखा दिसतो. त्यामुळे तो विकराच्या खाचेत जाऊन बसतो आणि खऱ्या कच्च्या मालाला जागा मिळत नाही. कुलपात हुबेहूब पण न फिरणारी किल्ली अडकवावी, तसा हा प्रकार आहे.

औषधाने रक्तातील आकडा कमी होतो हे लवकर सिद्ध झाले, परंतु माणसे वाचतात का, हा खरा प्रश्न होता. त्याचे उत्तर १९९४ साली उत्तर युरोपातील देशांत झालेल्या 'फोर-एस' या अभ्यासाने दिले. हृदयविकार असलेल्या ४,४४४ रुग्णांवर सरासरी पाच वर्षांहून अधिक काळ झालेल्या या अभ्यासात सिम्व्हास्टॅटिन घेणाऱ्या गटातील मृत्यूंचे प्रमाण ३० टक्क्यांनी कमी आढळले. त्यानंतरच्या अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण असे सांगते, की एलडीएल सुमारे ३९ मिलिग्रॅमने उतरले, तर हृदयविकाराचा झटका, पक्षाघात यांसारख्या मोठ्या घटना सुमारे एक पंचमांशाने घटतात.

उत्पादन थांबले की खरेदी वाढते

येथे या पाठातील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा येतो. स्टॅटिनमुळे यकृतातील उत्पादन घटते, हे खरे. परंतु रक्तातील एलडीएल उतरते ते मुख्यतः दुसऱ्या कारणाने. घरचे उत्पादन थांबल्यावर यकृताला कोलेस्टेरॉलची चणचण भासते. मग ते बाजारातून, म्हणजे रक्तातून, माल उचलू लागते. त्यासाठी ते आपल्या पेशींवरील ग्राहकांची संख्या वाढविते. कारखाना बंद ठेवून गरज भागविण्यासाठी बाजारातील साठा खरेदी करावा आणि त्यामुळे बाजारातील साठा ओसरावा, असा हा व्यवहार आहे.

मात्र चणचण भासताच यकृत आणखी एक गोष्ट करते. ते अडविल्या गेलेल्या विकराचीही संख्या वाढविते. औषध चालू असते तोवर या वाढीव कारागिरांचे हात बांधलेले राहतात. औषध बंद केले की ते मोकळे होतात. कारखाना पुन्हा सुरू होतो, खरेदीची निकड संपते, आणि काही आठवड्यांतच रक्तातील एलडीएल पूर्वीच्या पातळीवर येऊन पोहोचते. गोळीने रोग 'बरा' केलेला नसतो. गोळीने एका विकराला त्या दिवसापुरते रोखलेले असते.

तेव्हा "अहवाल नॉर्मल आला, आता गोळी बंद केली" हा विचार हिशेबाला धरून नाही. अहवाल नॉर्मल आला तो गोळीमुळे. डोंबिवलीहून रोज मुंबईस जाणारा चाकरमानी मागील तिमाहीचा पास दाखवून या तिमाहीत प्रवास करू शकत नाही. पास संपण्याआधी तो नवा काढतो. स्टॅटिनचेही तसेच आहे. शेवटची पट्टी उघडली की पुढील पट्ट्या आणून ठेवाव्यात.

आणखी एक बाब वाणिज्याच्या विद्यार्थ्याला चटकन पटेल. गोळीची मात्रा दुप्पट केली, तर परिणाम दुप्पट होत नाही. एलडीएलमध्ये जेमतेम सहा टक्क्यांची अधिक घट होते. हा घटत्या फलाचा नियमच होय. म्हणून काही वेळा डॉक्टर मात्रा वाढविण्याऐवजी इझेटिमाइब हे दुसरे औषध जोडतात. ते आतड्यातून होणारे कोलेस्टेरॉलचे शोषण, म्हणजे आयात, कमी करते. चिठ्ठीवर दोन गोळ्या दिसल्या म्हणून घाबरून त्यांतील एक गाळू नये.

नेहमीच्या काही शंका

वेळेचा प्रश्न प्रथम घेऊ. शरीरातील कोलेस्टेरॉलचे उत्पादन रात्री अधिक होते. सिम्व्हास्टॅटिनचा अंमल अल्पकाळ टिकतो, म्हणून ते रात्री घेण्यास सांगितले जाते. अ‍ॅटोरव्हास्टॅटिन आणि रोसुव्हास्टॅटिन यांचा अंमल दीर्घ असल्याने ती दिवसातून केव्हाही, परंतु रोज ठरावीक वेळी घेता येतात. रात्री दहाच्या लोकलने घरी परतून जेवताच झोपी जाणाऱ्यांना किंवा औद्योगिक वसाहतीत रात्रपाळी करणाऱ्यांना हे उपयोगी आहे. सकाळच्या चहाबरोबर गोळी घेण्याची सवय लागत असेल, तर डॉक्टरांना विचारून तसे करावे.

दुसरी शंका स्नायूंच्या दुखण्याची. काही रुग्णांना ते होते आणि क्वचित ते गंभीरही असते. अंग तीव्र दुखू लागले, अशक्तपणा आला किंवा लघवीचा रंग गडद झाला, तर डॉक्टरांना तत्काळ कळवावे. परंतु इंग्लंडमध्ये २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, त्रासामुळे स्टॅटिन सोडून दिलेल्या ६० व्यक्तींना काही महिने खरी आणि काही महिने औषध नसलेली दिखाऊ गोळी देण्यात आली. खऱ्या गोळीच्या महिन्यांत जाणवलेल्या त्रासाचा सुमारे ९० टक्के भाग दिखाऊ गोळीच्या महिन्यांतही जाणवला. त्रास खोटा नव्हता, पण त्याचे कारण बहुतांशी औषध हे नव्हते. म्हणून गोळी परस्पर बंद न करता डॉक्टरांशी बोलावे. मात्रा किंवा औषध बदलून मार्ग निघू शकतो.

मधुमेहाची शक्यता या औषधाने किंचित वाढते, हे खरे आहे. तथापि ज्यांना हृदयविकाराचा धोका अधिक आहे, त्यांच्या बाबतीत होणारा लाभ त्याहून बराच मोठा असतो. गर्भवती स्त्रियांनी, तसेच गर्भधारणेचा विचार असलेल्या स्त्रियांनी, डॉक्टरांना तसे आधीच सांगितले पाहिजे. काही प्रतिजैविके आणि बुरशीनाशक औषधे यांचा स्टॅटिनशी विरोध असतो. म्हणून दुसऱ्या कोणत्याही डॉक्टरांकडे जाताना चालू औषधांची यादी खिशात असावी.

तिसरा प्रश्न गुग्गुळाचा. गुग्गुळ ही आयुर्वेदातील मान्यवर वनस्पती. बनारस हिंदू विद्यापीठात १९६० च्या दशकात तिच्या मेदविषयक गुणांवर संशोधन झाले आणि डॉ. सुखदेव व त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्या डिंकातील घटकद्रव्ये वेगळी केली. ही द्रव्येही आयसोप्रिनॉइड कुटुंबातीलच आहेत. परंतु अमेरिकेत १०३ व्यक्तींवर झालेल्या आणि २००३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत गुग्गुळाच्या अर्काने एलडीएल कमी न होता थोडे वाढले. वैद्यांच्या सल्ल्याने गुग्गुळ अन्य कारणांसाठी घेता येईल, पण झटका येऊन गेलेल्या रुग्णाने स्टॅटिनच्या जागी तो घेणे धोक्याचे आहे.

आहार आणि चालणे यांचे काय? गोळी चालू आहे म्हणून वडापाव, फरसाण आणि वनस्पती तुपातील मिठाई यांस परवाना मिळत नाही. दिवसभर कार्यालयातील खुर्ची आणि दोन्ही वेळा गाडीतील गर्दी, अशा दिनक्रमात चालणे ठरवूनच करावे लागते. तंबाखू तर सर्वस्वी वर्ज्य. या गोष्टी गोळीच्या जोडीने करावयाच्या आहेत, गोळीऐवजी नव्हेत.

खर्चाचा ताळेबंद

लिपिड प्रोफाइलच्या कागदावर छापलेली 'सामान्य' मर्यादा सर्वांना सारखी लागू नसते. ज्यांना झटका येऊन गेला आहे किंवा ज्यांची अँजिओप्लास्टी झाली आहे, त्यांचे एलडीएल ७० च्या खाली आणि शक्य तर त्याहूनही खाली ठेवण्याचा डॉक्टरांचा प्रयत्न असतो. अशा रुग्णांसाठी ही गोळी उपचाराचा गाभाच आहे. तरीही २०११ साली प्रसिद्ध झालेल्या 'प्युअर' या सतरा देशांतील अभ्यासात, पूर्वी हृदयविकार वा पक्षाघात झालेल्यांपैकी स्टॅटिन घेणाऱ्यांचे प्रमाण श्रीमंत देशांत ६६.५ टक्के, तर भारताचा समावेश असलेल्या अल्प उत्पन्न गटातील देशांत केवळ ३.३ टक्के आढळले.

हा फरक केवळ दारिद्र्याचा मानता येत नाही. अ‍ॅटोरव्हास्टॅटिन आपल्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या सूचीत आहे, तिच्या कमाल किमतीवर सरकारी नियंत्रण आहे आणि जनऔषधी केंद्रांत ती काही रुपयांत मिळते. दुसऱ्या बाजूस पाहा. फेब्रुवारी २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने स्टेंटच्या किमतींवर मर्यादा घातली, तेव्हा औषधवेष्टित स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये आणि साध्या स्टेंटची ७,२६० रुपये ठरली. यात शस्त्रक्रियाकक्ष, अतिदक्षता विभाग आणि बुडालेला रोजगार यांचा समावेश नाही. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेमुळे अनेक कुटुंबांचा हा भार हलका होतो. परंतु ती योजना प्रामुख्याने रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांसाठी आहे. घरी परतल्यावरची रोजची गोळी कुटुंबानेच सांभाळावयाची असते.

रुग्णालयातून सुटीचा कागद हाती पडतो, तेव्हा नातेवाइकांचे लक्ष बिलाकडे आणि घरी नेण्याच्या गाडीकडे असते. औषधांच्या यादीतील स्टॅटिनची ओळ त्या गडबडीत नजरेआड होते. त्या ओळीसमोर किती दिवस, हे विचारून घ्यावे. बहुतेक वेळा उत्तर 'कायम' असे असते. चिठ्ठीची मुदत संपली म्हणून औषधाची मुदत संपली असे होत नाही. आपल्या रुग्णालयात येणे गैरसोयीचे असेल, तर कल्याणचे रुक्मिणीबाई, डोंबिवलीचे शास्त्रीनगर किंवा कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय यांपैकी जवळच्या बाह्यरुग्ण विभागात कागदपत्रांसह जावे, पण खंड पडू देऊ नये.

ध्यानात ठेवावयाच्या बाबी

१. कोलेस्टेरॉलचा मोठा हिस्सा यकृत तयार करते, म्हणून शाकाहार ही हमी नव्हे.
२. स्टॅटिन एका विकराला रोज रोखते. गोळी थांबली की विकर पुन्हा कामास लागते.
३. अहवाल चांगला येणे ही गोळी चालू ठेवण्याची खूण आहे, बंद करण्याची नव्हे.
४. त्रास झाल्यास डॉक्टरांना सांगावे, परस्पर औषध सोडू नये.
५. शेजाऱ्याला लागू पडलेली गोळी आपण डॉक्टरांना न विचारता सुरू करू नये.
६. घरात तरुण वयात झटका आल्याचा इतिहास असल्यास सर्वांनी तपासणी करावी.

दात्यांच्या देणगीतून उभी राहणारी अतिदक्षता विभागातील प्रत्येक खाट गरजू रुग्णाच्या उपयोगी पडावी, ही संस्थेची इच्छा आहेच. त्याबरोबरच ज्या खाटेची गरज टाळता आली असती, ती खरोखर टळावी, हीसुद्धा संस्थेची जबाबदारी आहे. सुज्ञ वाचकांनी आज आपल्या घरातील औषधांचा डबा उघडून पाहावा. ज्येष्ठांची स्टॅटिनची पट्टी अर्धवट राहून गेली असल्यास त्यांच्याशी बोलावे आणि त्यांना घेऊन डॉक्टरांकडे यावे, ही नम्र विनंती.